बियाण्याचं कणीस आणि ऑक्टोबरातला गळ



आज सकाळपासून ज्वारीत होतो. काढणीला अजून पंधरा-वीस दिवस आहेत, पण बियाण्याची कणसं आत्ताच हेरून ठेवावी लागतात. मालदांडी आहे, घरचं बी चालतं. वडिलांची पद्धत अशी की बांधाकडेचं कणीस कितीही भरलेलं असू दे, बियाण्याला घ्यायचं नाही. बांधाच्या ताटाला जागा जास्त, ऊन जास्त, ओल जास्त, म्हणून ते फुगतं. रानाच्या मध्यात, चारी बाजूंनी दाटी असताना जे कणीस भरलं, ते खरं. त्याला लाल चिंधी बांधायची आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवायचं, की चिंधीला हात लावायचा नाही.

तरी एका वर्षी हुरड्याला आलेल्या पोरांनी चिंधीवालीच पाच-सात कणसं मोडली. मी तापलो. नंतर वाटलं, त्यांचा काय दोष? रानात शिरल्यावर डोळा चांगल्या कणसावरच जाणार. चांगलं म्हणून मी चिंधी बांधली आणि चांगलं म्हणूनच त्यांनी मोडलं.

हे सगळं सांगायचं कारण, आता रात्री मी माशा बांधायला बसलोय. घरमाशा नव्हेत, मासेमारीच्या. १ मार्चला हिमाचलात ट्राउटचा हंगाम उघडतो आणि यंदा पेटी रिकामी आहे. दोरा गुंडाळता गुंडाळता गेल्या ऑक्टोबरातली एक गोष्ट परत डोक्यात फिरायला लागली. ती लिहून टाकतो. माझं मत बऱ्याच जणांना पटणार नाही, विशेषतः दरवर्षी तिकडं जाणाऱ्यांना.

मत आधीच सांगतो. तीर्थनसारख्या लहान नदीत ऑक्टोबर लागला की स्ट्रीमर पेटीत ठेवावा. कायद्यानं ३१ ऑक्टोबरपर्यंत मासेमारी चालते, तरीसुद्धा.

आता नवीन वाचकांसाठी थोडं. मंगळवेढ्याकडचा कोरडवाहू माणूस ट्राउटच्या नादी कसा लागला, हे बरेच जण विचारतात. काही वर्षांपूर्वी आम्ही काही शेतकरी कुल्लूकडं सफरचंदाच्या बागा बघायला गेलो होतो. बाकीचे मनालीला गेले, मी बंजारच्या पुढं गुशैणीजवळ एका घरी राहिलो. घराखालून तीर्थन वाहते. ही नदी ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या डोंगरातून येते आणि खाली लारजीला बियासला मिळते. पाणी असं की कंबरभर खोलीत दगडावरचे ठिपके मोजावेत. लहानपणी भीमेवर गांडुळाचा गळ टाकून बसणाऱ्या माणसाला असं पाणी दाखवलं तर तो बिघडणारच. हस्ताच्या पेऱ्यातून मोकळा झालो की मी आठ दिवस तिकडं, आणि जमलं तर मार्चमध्ये काढणीनंतर परत. घरातल्यांनी आता विचारायचं सोडून दिलंय.

फ्लाय म्हणजे गळावर पिसं, लोकर, केस दोऱ्यानं बांधून केलेलं खोटं भक्ष्य. बहुतेक फ्लाय किड्यांच्या नकला असतात, दाण्याएवढ्या. स्ट्रीमर मोठा असतो, बोटाच्या दोन पेरांएवढा किंवा त्याहून लांब, आणि तो नक्कल करतो लहान माशाची. लहान ट्राउट किडे खातो. तो हातभर व्हायला लागला की किड्यांवर भागत नाही, मग तो दुसरे मासे खायला लागतो. म्हणून स्ट्रीमरला मासे कमी लागतात, पण लागतात ते मोठे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं तिच्यावरच सगळं आहे.

पहिल्या वर्षी मी दिल्लीहून मागवलेले तयार स्ट्रीमर घेऊन गेलो होतो. चकचकीत, चांदीची जर, हिरवे-गुलाबी धागे, लग्नाच्या घोड्यासारखे. यजमानांनी पेटी उघडून बघितली आणि एवढंच म्हणाले, "भाईसाब, मछली को क्यों डरा रहे हो?" दोन दिवसांत एकही मासा लागला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला काठावर वाकवलं आणि उथळ पाण्यातला एक दगड हलकेच उचलला. खालून बोटाएवढा तपकिरी मासा सुळकन पळाला. अंगावर गडद पट्टे, पोट सपाट, दगडाला चिकटून राहणारा. आपल्या ओढ्यांतही त्याचे भाऊबंद आहेत, लहानपणी आपण ओंजळीत धरायचो ते. यजमान म्हणाले, मोठा ट्राउट याला खातो, तुमच्या त्या गुलाबीला नाही.

नंतर वाचत गेलो तसं कळलं की जगातले नावाजलेले स्ट्रीमर असेच कुणीतरी आपापल्या पाण्यात वाकून बघितल्यावर तयार झालेत. अमेरिकेत मेन राज्यातल्या अप्पर डॅमजवळ राहणाऱ्या कॅरी स्टीव्हन्स या बाईनं १९२४च्या १ जुलैला स्वतः बांधलेल्या फ्लायवर पावणेसात पौंडांच्या वर वजनाचा ब्रूक ट्राउट पकडला. बाईचा मूळ धंदा बायकांच्या टोप्या सजवायचा, त्यामुळं पिसांची जाण होतीच. तिथल्या तळ्यात स्मेल्ट नावाचा चंदेरी मासा आहे, तो डोळ्यांपुढं ठेवून ती बांधायची. तिचा 'ग्रे घोस्ट' आजही बांधतात. कॅनडात ओंटारिओतल्या निपिगॉन नदीवर डॉन गॅपेननं १९३०च्या दशकात 'मडलर मिनो' बांधला, तो तिथल्या दगडाखाली राहणाऱ्या मोठ्या डोक्याच्या माशासारखा, म्हणून त्याला हरणाच्या केसांचं जाड डोकं. पेनसिल्व्हेनियात रसेल ब्लेसिंगनं १९६७मध्ये 'वूली बगर' केला, तो तर पाण्यातल्या एका मोठ्या अळीची नक्कल म्हणून आणि ट्राउटसाठी नव्हे, बास माशासाठी. आता तो सगळीकडं चालतो, कारण पाण्यात तो थोडा अळीसारखा, थोडा माशासारखा, थोडा जळवेसारखा दिसतो.

मीही वूली बगरच बांधतो, पण आमच्या मालाचा. गळ लांब दांडीचा, सहा किंवा आठ नंबर. त्याच्यावर शिशाच्या बारीक तारेचे दहा-बारा वेढे, म्हणजे तो खाली जाईल. शेपटीला बाजारात मॅराबू मिळतं. नाव करकोच्याचं असलं तरी आज ते टर्कीची पिसं असतात. मी आमच्या कोंबडीच्या मांडीजवळची लव वापरतो. कोरडी असताना काहीच वाटत नाही, पाण्यात गेली की श्वास घेतल्यासारखी हलते. शेपटी दांडीएवढीच लांब ठेवायची, जास्त केली की मासा शेपटीला तोंड लावून निघून जातो आणि तुम्ही बोंबलत बसता. अंगाला घोंगडीची लोकर. आमच्याकडच्या धनगरांच्या काळ्या-तपकिरी मेंढीची जाडीभरडी लोकर पाणी धरते, चटकन बुडते, आणि रंग थेट त्या दगडाखालच्या माशाचा. इंग्रजी दुकानातला शेनील नावाचा मऊ दोरा हिच्यापुढं मला तरी फिका वाटतो. मग कोंबड्याच्या पाठीवरचं लांब पीस शेपटीपासून डोक्यापर्यंत विरळ वेढ्यांनी आणायचं, एक तांबडी तार उलट्या दिशेनं फिरवून ते पक्कं करायचं. नाहीतर दोन माशांच्या दातांत पीस तुटतं. डोक्याशी दोऱ्याची गाठ आणि नखाला लावायच्या पॉलिशचा थेंब. पॉलिश मुलीचं. ती ओरडते.

शिलाई मशीनचा दोरा वापरू नका, जाड पडतो आणि डोकं कांद्याएवढं होतं. मी दोन वर्षं तेच केलं.

टाकायचा कसा, तेही थोडक्यात. प्रवाहाला आडवा, किंचित खालच्या अंगाला. पाणी दोरीला धरून त्याला खाली ओढत नेतं आणि तो कमान काढून काठाकडं वळतो. तेवढ्यात डाव्या हातानं दोरी वीत-वीत ओढायची, मध्येच थांबायचं. ओढला की मासा पळतोय असं वाटतं, थांबला की दमलाय असं वाटतं. घाव बहुतेक वेळा थांबल्यावर नाहीतर वळताना बसतो. आणि घाव बसला की काठी उचलायची नाही, हातानं दोरी ओढून गळ रुतवायचा. भीमेवर टोच लागली की काठी वर उपसायची सवय, त्यामुळं सुरुवातीचे कितीतरी मासे माझ्या हातून असेच गेले. ढगाळ दिवस, पहाट, तिन्हीसांज, नाहीतर वर बर्फ वितळून पाणी जरासं दुधाळ झालेलं असताना हा प्रकार उत्तम चालतो.

आता ऑक्टोबर. पावसाळ्याचा गढूळपणा गेलेला असतो, पाणी निळं, आकाश धुतलेलं, पर्यटक भरपूर. आणि ब्राउन ट्राउट विणीला आलेला असतो. तिकडं तो थंडीच्या तोंडाला विणतो. मादी कुंडाच्या शेवटी, जिथं पाणी उथळ आणि वेगाचं होतं, तिथं शेपटीनं खडी साफ करून खळगा करते, अंडी घालते, वर परत खडी ओढते. अंडी हिवाळाभर त्या खडीत राहतात. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटच्या पाण्यात मासेमारीला बंदी असते ती याचसाठी. पण माशाकडं कॅलेंडर नसतं. ऑक्टोबरच्या मध्यापासूनच मोठ्या माद्या भरलेल्या असतात, नर जागा धरून भांडायला लागतात, आणि या दिवसांत त्यांच्या हद्दीतून काही गेलं की भूक असो-नसो, ते त्याच्यावर तुटून पडतात. स्ट्रीमरवाल्यांना हे चांगलं माहीत असतं. म्हणूनच ऑक्टोबरचे फोटो सगळ्यात मोठ्या माशांचे असतात. माझ्याकडंही आहेत दोन. पूर्वी इथं टाकलेही होते, आता काढलेत.

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मी यजमानांच्या घराच्या जरा वर एका कुंडावर होतो. ऊन डोंगराआड गेलं होतं. तिसऱ्या की चौथ्या फेकीला, स्ट्रीमर वळताना, दोरी अडकल्यासारखी थांबली. मला वाटलं दगड. मग दगड चालायला लागला.

सात-आठ मिनिटं लागली असतील. काठाला आणली तेव्हा कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत भरेल एवढी मादी. सोनेरी पोट, लाल ठिपक्यांभोवती फिकट कडं. आपला मासा किती देखणा, हे बघत बसलो तिथं पहिली चूक. दुसरी चूक आधीच झाली होती. गळाच्या टोकामागचा उलटा काटा मी दाबून मोडला नव्हता. घाईत बांधलेली माशी होती, म्हटलं एवढ्यानं काय होतंय. तिनं स्ट्रीमर आतवर घेतला होता आणि गळ कल्ल्यात रुतला होता. काढायला गेलो तसं रक्त आलं. ते थंड पाण्यात धुरासारखं पसरत गेलं. मी तिला नीट धरायला म्हणून पोटाखाली हात घातला, आणि हातावर अंडी आली.

नारिंगी-पिवळी, पारदर्शक. ज्वारीच्या दाण्याएवढी.

मी दाबलंही नव्हतं. नुसता हात लागला. ती बोटांतून घरंगळून पाण्यात गेली आणि खालच्या बाजूला लहान मासे जमून खायला लागले. मी तिला प्रवाहाकडं तोंड करून बराच वेळ धरून ठेवली, जसं सांगतात तसं. दोनदा कल्ले जोरात हलले. मग ती आडवी झाली.

किलोभर वजनाच्या मादीत दीड-दोन हजार अंडी असतात. त्यातली सगळी काही मोठी होत नाहीत, शेकड्यात एक-दोन जगली तरी खूप. तेवढा हिशेब मलाही कळतो. पण लहान नदीत एवढ्या मोठ्या माद्या असतात किती? यजमानांना विचारलं तर म्हणाले, या वळणापासून त्या पुलापर्यंत मोजून सांगता येतील. तेवढंच बोलले. मासा घेऊन आत गेले. रात्री ताटात आला तेव्हा मी खाल्ला, कारण मारलेलं टाकायचं नाही हे घरचं शिक्षण. चव आठवत नाही.

तेव्हापासून मला ती चिंधीची कणसं दिसतात. उन्हाळ्यात किड्याच्या बारीक फ्लायला जे लागतं ते रानातलं सरसकट कणीस आहे, त्यातलं चार माणसांनी खाल्लं तर रान मोडत नाही. ऑक्टोबरातला स्ट्रीमर रानात शिरून बरोबर चिंधीवालं कणीस मोडतो. त्याचा गुणच तो आहे, त्यासाठीच तो बांधलाय.

यावर मला काय ऐकवलं जातं ते माहीत आहे. पहिलं म्हणजे, आम्ही मारत नाही, सोडून देतो. चांगलं आहे. उलटा काटा नसेल, हात ओले असतील, मासा पाण्याबाहेर काढला नसेल तर सोडलेले बहुतेक मासे जगतात. ऑक्टोबरचं थंड पाणीही त्यांना मदत करतं, हेही खरं. पण पिकलेल्या मादीला दहा मिनिटं ओढत आणल्यावर आणि फोटोसाठी पोटाखाली हात घातल्यावर तिची अंडी तुमच्या बुटावर पडली, तर मासा सोडून काय सोडलं? शिवाय आपण नुसते काठावर उभे नसतो. मांडीभर पाण्यात चालतो, आणि चालायला सोपी असते ती नेमकी कुंडाच्या शेवटची उथळ खडी. तिथं धुतल्यासारखा उजळ पट्टा दिसला तर तो खळगा समजायचा आणि त्यात पाय घालायचा नाही. किती जण बघतात? मी पहिली तीन वर्षं बघत नव्हतो.

दुसरा मुद्दा जास्त जड आहे आणि तो मला झटकता येत नाही. ब्राउन ट्राउट इथला नाहीच. इंग्रजांनी आपल्या हौसेसाठी अंडी आगबोटीतून आणली. काश्मिरात १९००च्या सुमाराला, कुल्लूत १९०९च्या सुमाराला. त्याच्या आधी या नद्यांमध्ये स्नो ट्राउट होता, उत्तराखंडात त्याला असेला म्हणतात. नाव ट्राउट पण जात रोहू-कटल्याची. तोंड खाली, दगडावरचं शेवाळ खरवडून खातो, कुणाच्या वाटेला जात नाही. आज तो धोक्यात आलेल्या माशांच्या यादीत आहे. धरणं, सुरुंग लावून आणि ब्लीचिंग टाकून केलेली मासेमारी ही कारणं आहेतच, पण ट्राउट त्याची पिल्लं खातो हेही आहे. माझा स्ट्रीमर ज्या दगडाखालच्या माशाची नक्कल करतो, तोही इथला मूळचा, आणि त्याला खाणारा पाहुणा. मग पाहुण्याची मादी मेली तर एवढं रडायचं काय, असं मला एका अभ्यासू मित्रानं तोंडावर विचारलं.

मी सोलापूर जिल्ह्यातला. आमच्याकडं उजनी आहे. उजनीत चिलापी आहे. चिलापीही बाहेरची, तिनं कितीतरी गावठी मासे मागं रेटले, जुने कोळी अजून त्या माशांची नावं घेऊन हळहळतात. पण आज भिगवणच्या बाजारात बघा, कितीजणांच्या चुली तिच्यावर पेटतात. चिलापी वाईट आणि चिलापी भाकर, दोन्ही खरं आहे आणि आम्ही दोन्हीसकट जगतो. पाहुणा म्हणून आला आणि घरजावई झाला, असा प्रकार.

तीर्थनमध्ये तर त्याहून गमतीची गोष्ट आहे. या खोऱ्यात छोटे जलविद्युत प्रकल्प यायचे होते. लोक उभे राहिले, माजी आमदार दिलाराम शबाब त्यात पुढं होते, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि नदी मोकळी राहिली. ती मोकळी ठेवावी यासाठी जी कारणं दिली गेली त्यात एक मोठं कारण होतं, हे ट्राउटचं पाणी आहे. शेजारच्या खोऱ्यांत नदी बोगद्यात गेली, इथं वाहतेय. म्हणजे इथल्या स्नो ट्राउटला आणि त्या दगडाखालच्या चिमुकल्याला वाहतं पाणी मिळालं त्यात त्यांना खाणाऱ्या पाहुण्याचाही वाटा आहे. आता करा न्याय.

माझ्या मित्राला माझं उत्तर एवढंच, की ट्राउट काढून स्नो ट्राउट परत आणायचा असेल तर ते उघड ठरवा. कुठला ओढा, किती वर्षं, कोण करणार, गाववाल्यांचं पोट कशावर, सगळं बोला. एखाद्या वरच्या ओढ्यात तसं करायला हवं असं मलाही वाटतं. पण माझ्यासारख्या आठ दिवसांच्या पाहुण्यानं फोटोसाठी मादी मारली, हे काही त्या कामात धरता येत नाही. तण काढायचं असेल तर ओळीनं काढतात. रस्त्यानं जाता जाता हाताला लागेल ते उपटणाऱ्याला आपण खुरपणीची मजुरी देत नाही.

तिसरं, पोटाचं. इथं मी सांभाळून बोलतो. माझं पोट ज्वारीवर आहे, तीर्थनवर नाही. घरगुती राहण्याची सोय करणाऱ्यांना, गाईडना ऑक्टोबर हा कमाईचा महिना. २०२३च्या जुलैत कुल्लूत पूर आला, रस्ते गेले, ते वर्ष तिकडच्या माणसांना फार वाईट गेलं. अशा माणसाला मी इथं बसून ऑक्टोबर बंद ठेव म्हणणं शोभत नाही, आणि म्हणतही नाही. नदी उघडी राहू दे. पाहुण्याला बारीक फ्लाय द्या, निम्फ द्या, दुपारच्या उन्हात पाण्यावर किडे उडतात तेव्हा तरंगती फ्लाय द्या. त्यालाही मादी लागू शकते, नाही असं नाही, पण ती शोधून काढायचं हत्यार तरी आपण हातात घेतलेलं नसतं. वीतभराचे मासे लागतील. ज्याला मोठाच पाहिजे, त्यानं मार्च-एप्रिलमध्ये यावं. तेव्हा विणून झालेलं असतं, मासा भुकेला असतो आणि स्ट्रीमरला धावतो.

सरकारनं बंदी दोन आठवडे अलीकडं आणावी का? मला तसं नाही वाटत. नियम झाला की पहारा लागतो, पहारा लागला की पळवाट. आपल्याकडं हिवरे बाजारसारख्या गावांनी कुऱ्हाडबंदी, चराईबंदी गावात बसून ठरवली आणि पाळली. तसं एखाद्या खोऱ्यातल्या दहा-पंधरा घरांनी ठरवलं, की आमच्या घरी उतरणाऱ्यानं ऑक्टोबरात स्ट्रीमर काढायचा नाही आणि उलटा काटा असलेला गळ तर कधीच नाही, तर माझ्यासारखे मुकाट ऐकतील. यजमानांना हे बोललो. ते हसले, म्हणाले, पाहुण्याला कसं सांगायचं? मग म्हणाले, तुम्हीच तुमच्या भाषेत लिहा, तुमच्याकडचे लोक आता बरेच येतात. पुण्या-मुंबईच्या गाड्या मीही बघतो तिकडं. म्हणून हे लिहिलं.

तर आजच्या रात्री पाच स्ट्रीमर झालेत. तीन तपकिरी, दोन काळे. सगळ्यांचे उलटे काटे बांधायच्या आधीच पकडीनं दाबून टाकलेत, कारण नंतर दाबू म्हटलं की राहतं. पेटीच्या झाकणावर आतून खडूनं '३० सप्टेंबर' लिहिलंय. मुलगी म्हणाली खडू पुसतो, पेननं लिहा. बघू.

कोंबड्याच्या पाठीवर मात्र आता पिसं राहिली नाहीत, तो मला बघून उकिरड्यापलीकडं पळतो. उरलेल्या माशा त्याला पिसं आल्यावर. पहाटे पाखरं राखायला जायचंय आणि गोफण कुठं ठेवलीय ते आठवत नाहीये.